मदत हवी आहे : गोडाऊनमध्ये स्कॅनर वायफायपासून सारखे तुटतात, अँटेना कोणता घेऊ?

गाळा_नंबर_७
भिवंडीत गोडाऊन आहे, १०० बाय ६०. वर ६ एपी (वायफायचे अॅक्सेस पॉइंट) लावलेत. गल्लीत मधोमध गेलं की हँडहेल्ड स्कॅनर तुटतो, पिकिंग थांबतं. रेंज वाढावी म्हणून मोठे अँटेना टाकले तर अजूनच बिघडलं. सोमवारी माल उतरायचाय. कोणता अँटेना घेऊ एवढंच सांगा, मॉडेल नंबरसकट.

डेसिबल
१०० बाय ६० काय, फूट की मीटर? एपी किती उंचीवर? ‘मोठे’ म्हणजे किती डीबीआय (अँटेनाचा गेन, म्हणजे एका दिशेला जोर एकवटण्याचं माप)? रॅकवर माल कसला? हे कळल्याशिवाय मॉडेल सांगणं म्हणजे नाडी न बघता गोळी देणं.

मेश_झिंदाबाद
मेशचा (एकमेकांना वायरलेस जोडलेले एपी) तीन नगांचा संच घ्या, विषय संपला. दहा मिनिटांत चालू.

डेसिबल
लोखंडी रॅकच्या जंगलात मेश? एपी-एपीमधला दुवा (बॅकहॉल) स्कॅनरच्याच रेडिओवर असेल तर दर उडीला वेग निम्मा. सहा एपींपर्यंत केबल पोचलेली असताना कशाला?

गाळा_नंबर_७
मीटर हो. ११ गल्ल्या, प्रत्येकी साधारण ९० मीटर. रॅक ९ मीटर उंच, एपी ११ मीटरवर पर्लिनला (पत्र्याखालच्या लोखंडी आडव्याला). माल हँडवॉश आणि खोबरेल तेल. आधी ३ डीबीआयचे होते, आता ८ चे ओम्नी (चौफेर फेकणारे). दुकानदार म्हणाला रेंज दुप्पट होते. फोटो जोडलाय.

डेसिबल
मग घोळ तिथेच आहे. अँटेना ताकद तयार करत नाही, आहे ती दाबून चपटी करतो. ८ डीबीआयच्या ओम्नीचा उभा पसारा जेमतेम १५ अंश, म्हणजे आडव्या रेषेच्या खाली साडेसातच. स्कॅनर दीड मीटरवर, एपी ११ वर. त्या उतारावर साडेनऊ मीटर खाली यायला सिग्नलला ७२ मीटर जावं लागतं, आणि १५ मीटरवरच तो रॅकच्या डोक्यावर आपटतो. पुढे हँडवॉश, म्हणजे बहुतांशी पाणी. पाणी वायफाय पिऊन टाकतं. तेल त्या मानाने निरुपद्रवी. सिग्नलचा सर्व्हे रॅक रिकामे असताना झाला होता का?

फोटोत चारपैकी दोन दांड्या खाली आहेत, दोन आडव्या. आडव्या दांडीच्या टोकाच्या दिशेला सिग्नल नसतोच. चारही सरळ खाली करा.

गाळा_नंबर_७
हो, रिकामे होते. त्याने काय फरक पडतो?

तारवाला
सगळाच फरक पडतो, दादा. आणि त्या फोटोत एपी पत्र्याला चिकटलाय, वर झिपटायने बांधलाय. पत्र्याखालच्या उष्णतेने झिपटाय तडकते, मग ११ मीटरवरून एपी खाली कोणाच्या डोक्यात? बीम क्लॅम्प, त्याला आटे पाडलेला रॉड, एपी पत्र्यापासून निदान ३० सेंमी खाली, शिवाय वेगळी स्टीलची सेफ्टी वायर. एपीची तापमानमर्यादा बघा. बऱ्याच इनडोअर मॉडेलांची ४० किंवा ५० अंश असते, मे महिन्यात पत्र्याखाली ती सहज ओलांडते. केबल सीसीए नाही ना? अॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा असेल तर लांब अंतरावर पीओई (केबलमधूनच मिळणारी वीज) कोलमडतं, एपी रीबूट होतो आणि दोष अँटेनाच्या माथी.

अँटेना म्हणाल तर ६ डीबीआयचा पॅच (एकाच बाजूला फेकणारा चपटा अँटेना), तोंड जमिनीकडे. काम झालं.

डेसिबल
काम कसं झालं? ७० अंशांचा पॅच साडेनऊ मीटरवरून जमिनीवर १३ मीटरचं वर्तुळ टाकतो. ९० मीटरच्या गल्लीला सात एपी.

तारवाला
ती अर्ध्या ताकदीची कड आहे, भिंत नाही. त्याबाहेरही चालतं. एपीमागे २२ मीटर धरा, गल्लीला चार.

डेसिबल
चार गुणिले अकरा, ४४. त्यापेक्षा गल्लीच्या तोंडाशी भिंतीवर, ५ मीटरवर, ८ डीबीआयचा पॅच गल्लीच्या दिशेने लावा, ४ ते ५ अंश खाली झुकवून. गल्लीला एकच एपी. विषम गल्ल्यांना पूर्वेकडून, सम गल्ल्यांना पश्चिमेकडून. ५ गिगाहर्ट्‌झवर ९० मीटरच्या मोकळ्या सरळ रेषेत साधारण ८६ डेसिबल जातात. एपीची पॉवर १४ डीबीएम ठेवली तरी टोकाला उणे ६४ डीबीएम मिळतो (ताकदीचं माप, शून्याखाली जितकं जास्त तितका कमजोर). पॉवर त्याहून वाढवू नका. स्कॅनरला एपी ऐकू येईल, पण स्कॅनरचा आवाज परत पोचणार नाही. अँटेनाचा गेन दोन्ही बाजूंना कामी येतो, पॉवर एकाच बाजूला.

तारवाला
आणि फोर्कलिफ्टचा मास्ट (वर जाणारा खांब)? पहिल्या महिन्यात ब्रॅकेट उखडेल. पिकर पाठ फिरवून उभा राहिला की त्याचं अंगच आड येतं, ते वेगळं.

डेसिबल
भिंतीवर म्हटलंय, रॅकच्या खांबावर नाही. अंगाच्या आडोशाला ५-६ डेसिबल राखून ठेवा.

कायद्याचं_बोला
भारतात २.४ गिगाहर्ट्‌झला ईआयआरपीची (एपीची पॉवर अधिक अँटेनाचा गेन) मर्यादा ४ वॉट, म्हणजे ३६ डीबीएम. ५ गिगाहर्ट्‌झचे पट्टे ऑक्टोबर २०१८च्या अधिसूचनेने घराबाहेरही परवानामुक्त झाले.

तारवाला
इथे कोण ३६ च्या जवळपास तरी आहे, साहेब?

ठाणेकर_२बीएचके
आमच्या बेडरूममध्ये दोनच काड्या येतात. ८ डीबीआयचा अँटेना लावू का?

गाळा_नंबर_७
सहाच एपी आहेत. अजून पाचांचे पैसे सोमवारपर्यंत कोण देणार?

डेसिबल
सोमवारपुरतं : जुने ३ डीबीआयचे परत लावा, चारही खाली, आणि कंट्रोलरमध्ये (सगळे एपी चालवणाऱ्या यंत्रणेत) गेन ३ भरा. १, २, ५.५ आणि ११ एमबीपीएसचे दर बंद करा, नाहीतर स्कॅनर लांबच्या एपीला चिकटून बसतो. मग एकाच गल्लीत पॅच स्टँडवर लावून चालत मोजा. हँडवॉशचीच गल्ली घ्या, रॅक भरलेले असताना. कुठेही उणे ६७ च्या खाली नको.

गाळा_नंबर_७
जुने लावले. मधोमध उणे ८१ होता तो ७२ झाला, हँडवॉशच्या गल्लीत अजून ७७. चार पिगटेलवाला (जोडायच्या छोट्या केबलांचा) एक पॅच मागवतोय. कनेक्टर एसएमए सांगू ना?

तारवाला
थांबा! एपीवरचा अँटेना काढून त्याच्या फिरत्या नटाच्या मध्ये बघा. पिन असेल तर एसएमए, भोक असेल तर आरपी-एसएमए. चुकीचा घेतलात तर आटे छान बसतात, पण मध्ये भोकासमोर भोक येतं, नाहीतर पिनवर पिन. आणि चारही पिगटेल जोडा, एकही पोर्ट मोकळा ठेवू नका.

गाळा_नंबर_७
भोक आहे.

ठाणेकर_२बीएचके
माझ्या राउटरला पण भोकच आहे. मग लावू का?