व्यायामशाळा तीनदा सोडली. लोकलच्या दिनक्रमात टिकतील असे बदल कोणते?

डोंबिवली_जलद

माझे वय ४६ असून मी डोंबिवलीला राहतो आणि मंत्रालयाजवळच्या एका कार्यालयात बैठे काम करतो. गेल्या महिन्यातील रक्ततपासणीत रक्तातील साखरेची सरासरी दाखवणारे एचबीएवनसी ६.१ टक्के, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर, निघाले, कमरेचा घेर ९८ सेंटीमीटर भरला आणि डॉक्टरांनी अजून गोळी नको, तीन महिन्यांनी पुन्हा तपासू, असे सांगून घरी पाठवले. घरी येऊन मी जो हिशेब मांडला, तो काही अभिमानाचा नाही. गेल्या सात वर्षांत मी तीनदा व्यायामशाळेचे वर्षभराचे पैसे भरले आणि एकदाही दुसरा महिना पुरा केला नाही. एकदा दिवसातून दोनच वेळा जेवण्याचा नेम धरला, तो गणपतीत मोडला. पहाटे धावण्यासाठी घेतलेले बूट सध्या मुलगा वापरतो.

सकाळची ठरलेली लोकल, सीएसएमटीहून बस, संध्याकाळी तोच प्रवास उलट, घरी पोचायला पावणेनऊ आणि जेवायला दहा, अशा दिवसात व्यायामासाठी वेगळा तास निघत नाही, हे मी आता मान्य केले आहे. काय करावे याची यादी कोणीही देईल. ज्यांनी वेगळा वेळ न काढता लहानसे बदल केले आणि ते दोन-तीन वर्षे टिकवले, त्यांचे नेमके काय टिकले आणि काय गळून पडले, ते कृपया सांगावे.

कमानींखालून

माझे कार्यालय तुमच्याच बाजूला आहे, त्यामुळे हा प्रतिसाद जरा लांबेल. सीएसएमटी ते मंत्रालय हे अंतर सुमारे दोन किलोमीटर आहे. बसची रांग आणि सिग्नल धरून मला वीस मिनिटे लागत आणि चालत गेल्यास पंचवीस लागतात. हा पाच मिनिटांचा फरक लक्षात आल्यापासून, म्हणजे २०२२ च्या जूनपासून, मी सकाळी चालतच जातो. पाच दिवसांची १२५ मिनिटे तिथेच होतात आणि संध्याकाळी एखाद-दुसऱ्या दिवशी परतही चालत आलो, की जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी सांगितलेली आठवड्याची किमान १५० मिनिटे भरतात. अर्थात ती मिनिटे धरायची तर रमतगमत चालून भागत नाही. बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही, इतपत दम लागला पाहिजे.

जूनमध्ये सुरुवात केली हे ऐकून लोक हसतात, परंतु डी. एन. रोडवरील जुन्या इमारतींखालच्या कमानींमुळे हुतात्मा चौकाकडे जाताना बरीचशी वाट कोरडी मिळते आणि त्यानंतर छत्री आहेच. खरा त्रास पावसाचा नव्हता, ऑक्टोबरमधील घामाचा होता. टेबलाच्या खणात एक जादा सदरा आणि पंचा ठेवू लागलो, तेव्हा तो सुटला. हा नेम का टिकला याचा विचार करता मला एवढेच दिसते, की गाडी मला सीएसएमटीला उतरवणारच असते आणि कार्यालय गाठणे भागच असते, त्यामुळे चालायचे की नाही हा प्रश्न रोज नव्याने सोडवावा लागत नाही. रजेच्या दिवशी मात्र मी अजूनही चालत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगतो.

दहा हजार पावलांच्या आकड्याचे दडपण घेऊ नका. तो आकडा १९६५ साली जपानमध्ये विक्रीस आलेल्या पावले मोजणाऱ्या यंत्राच्या नावातून रूढ झाला. तो वैद्यकीय प्रयोगातून निघालेला नाही.

मटकीची_उसळ

आपण चहाचा उल्लेख केलेला नाही, म्हणून तो मीच काढते. आमच्या घरी प्रत्येकी चार कप चहा आणि कपाला दोन चमचे साखर असे प्रमाण होते. चमच्याला चार ते पाच ग्रॅम धरले, तर दिवसाला ३२ ते ४० ग्रॅम साखर केवळ चहातून जात होती. महिन्याला ती एका माणसामागे किलोच्या आसपास जाते आणि हे किराण्याच्या यादीवरून कळले, तेव्हा मीच दचकले. आरोग्य संघटनेच्या मते साखर दिवसाला साधारण २५ ग्रॅमच्या आत राहिली तर उत्तम. आम्ही दर पंधरा दिवसांनी पाव चमचा कमी करत अर्ध्या चमच्यावर आलो. एकदम बंद करण्याचा प्रयत्न त्याआधी दोनदा फसला होता, कारण चौथ्या दिवशी घरात भांडण होत असे. कार्यालयातील यंत्राचा चहा तयार पुडीचा असेल, तर त्यातील साखर कमी करता येत नाही. तिथे कपच कमी करावे लागतील.

दुसरे म्हणजे, दहा वाजताच्या जेवणाचे मूळ पाच वाजताच्या भुकेत असते. त्या वेळी पोट रिकामे राहिले, की स्थानकावरचा वडापाव आपोआप हातात येतो आणि तरीही घरी आल्यावर माणूस पानावर तुटून पडतो. माझे यजमान डब्यासोबत मूठभर भाजके चणे आणि एक फळ नेतात. रात्री आम्ही आधी उसळ, भाजी आणि कोशिंबीर वाढून घेतो आणि भात शेवटी, एकच वाटी. भात सोडा असे मी कोणत्याही कोकणी माणसाला सांगणार नाही. (नाचणीची भाकरी रोज करण्याचा संकल्पही आम्ही केला होता, तो तीन आठवड्यांत आटोपला. आता ती रविवारी असते.)

लाल_माती

वरील दोन्ही प्रतिसाद चांगले असले, तरी मला ते अपुरे वाटतात. पंचेचाळिशीनंतर स्नायू घटत जातात आणि जेवणानंतर रक्तातील साखरेचा मोठा वाटा स्नायूच उचलतात, त्यामुळे नुसत्या चालण्यावर समाधान मानू नये. आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायूंना जोर लागेल असे काही केलेच पाहिजे. त्यासाठी व्यायामशाळा लागत नाही. खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणे, भिंतीला हात लावून दहा जोर काढणे आणि घर वरच्या मजल्यावर असेल तर जिना चढणे, एवढ्याने सुरुवात होते. मी हे सकाळी चहाचे आधण ठेवल्यावर करतो. तरीही माझे मत असे, की इतक्या लहान बदलांनी वजन फारसे हलत नाही आणि वजन हलले नाही की माणूस कंटाळतो.

मोजपट्टी

वजनाबाबतच्या शेवटच्या वाक्याशी मी अर्धाच सहमत आहे. कंटाळा येतो हे खरे, पण वजन हलले नाही म्हणजे काहीच झाले नाही, असे नाही. मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या भारतीयांवर चेन्नईच्या संशोधकांनी केलेल्या आणि २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आहार आणि चालणे यांचा सल्ला मिळालेल्या गटात सुमारे तीन वर्षांत ३९.३ टक्के लोकांना मधुमेह झाला, तर तसा सल्ला न मिळालेल्या गटात ५५ टक्के लोकांना झाला. विशेष म्हणजे सल्ला मिळालेल्या गटाचे सरासरी वजन फारसे उतरले नव्हते. म्हणून काटा रोज पाहण्यापेक्षा शिंप्याची पट्टी महिन्यातून एकदा कमरेला लावावी. भारतीय पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा मानतात. एचबीएवनसी मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी दाखवते, तेव्हा महिन्याभरातच पुन्हा तपासणी करून निराश होऊ नये. झोप सहा तासांपेक्षा कमी होत असेल, तर तेही डॉक्टरांना अवश्य सांगा, कारण अपुऱ्या झोपेने भूक आणि साखर दोन्ही बिघडतात.

डोंबिवली_जलद

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आज सकाळी सीएसएमटीहून चालत गेलो आणि सव्वीस मिनिटे लागली. नेहमीची बस मला हुतात्मा चौकात मागे टाकून गेली, परंतु पुढे सिग्नलला मीच तिला गाठले. यंत्राच्या चहाचे दोन कप बंद करत आहे, पाच वाजताचे चणे उद्यापासून डब्यात येतील आणि खुर्चीवरील उठाबशांचा विचार पुढील महिन्यात करीन, कारण सगळे एकदम धरण्याची माझी जुनी खोड मला ठाऊक आहे. ‘कमानींखालून’ यांना एकच विचारतो: घामाचा सदरा संध्याकाळपर्यंत आपण नेमका कोठे वाळत घालता?