‘सुचणे’, ‘प्रतिभा’ आणि ‘सर्जनशीलता’ : मेंदूविषयी लिहिताना कोणता शब्द वापरावा?

चर्चाप्रस्ताव

मेंदूत नवी कल्पना कशी आकाराला येते, या विषयावरील एका लेखाचा मी मराठी अनुवाद करीत आहे. मूळ लेखात ‘क्रिएटिव्हिटी’ हा एकच शब्द सर्वत्र आहे. मराठीत मात्र मला त्यासाठी सर्जनशीलता, सृजनशीलता, प्रतिभा, कल्पकता आणि नवनिर्मिती असे पाच शब्द आढळतात. शास्त्रीय लेखनात एका संज्ञेला एकच प्रतिशब्द असावा, असा संपादकांचा आग्रह आहे आणि तो मला तत्त्वतः मान्य आहे. परंतु कोणताही एक शब्द निवडला की लेखातील निम्मी वाक्ये अवघडल्यासारखी वाटू लागतात. ‘सर्जन’ आणि ‘सृजन’ यांपैकी योग्य रूप कोणते आणि हे पाचही शब्द खरोखर एकाच अर्थाचे आहेत का, याविषयी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद

रूपाचा प्रश्न सोपा आहे. मूळ धातू ‘सृज्’ आहे. त्याला ‘अन’ हा प्रत्यय लागताना धातूतील स्वराचा गुण होतो, म्हणजे ‘ऋ’चा ‘अर्’ होतो, आणि ‘सर्जन’ हे रूप सिद्ध होते. ‘लिख्’पासून ‘लिखन’ न होता ‘लेखन’ होते, तसेच हे आहे. ‘सृजन’ हे रूप हिंदीत रुळले आहे आणि तेथून ते मराठीत आले. ते वापरणाऱ्यांना मी दोष देणार नाही, पण आपल्याकडे ‘विसर्जन’ आणि ‘उत्सर्जन’ हे शब्द घरोघरी माहीत असताना ‘सर्जन’ परके वाटण्याचे कारण नाही. एक व्यावहारिक अडचण मात्र आहे. मेंदूविषयीच्या लेखात नुसते ‘सर्जन’ लिहिल्यास वाचकाच्या डोळ्यांपुढे शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर उभा राहील. म्हणून ‘सर्जनशील’ आणि ‘सर्जनशीलता’ ही रूपे वापरावीत आणि सुटे नाम हवे असेल तेथे ‘नवनिर्मिती’ लिहावे.

अर्थाचा प्रश्न अधिक मोलाचा आहे. संस्कृत धातूंची यादी असलेल्या धातुपाठात ‘सृज विसर्गे’ असे म्हटले आहे, म्हणजे या धातूचा मूळ अर्थ सोडणे, मोकळे करणे असा आहे. गणपतीचे विसर्जन आणि कवीचे सर्जन एकाच धातूचे आहे, ही गोष्ट मला विलक्षण वाटते. कारण निर्मिती म्हणजे काही रचणे, जुळवणे एवढेच नसून अडवून धरलेले मोकळे सोडणेही आहे, असे या शब्दाच्या पोटात दडलेले आहे.

तथापि, आपल्या यादीत जो शब्द नाही, तोच या विषयाला सर्वांत जवळचा आहे असे माझे मत आहे. तो शब्द म्हणजे ‘सुचणे’. त्याचे व्याकरण पाहावे. ‘मला कल्पना सुचली’ असे आपण म्हणतो. ‘मी कल्पना सुचलो’ असे म्हणता येत नाही. ज्याला सुचते तो वाक्यात कर्ता नसतो, त्याच्याकडे कल्पना येते आणि क्रियापदही कल्पनेप्रमाणेच चालते. या क्रियापदाला आज्ञार्थ जवळजवळ नाहीच. ‘विचार कर’ असे सांगता येते, पण ‘सूच’ असे कोणी कोणाला सांगत नाही. फार तर ‘काही सुचतंय का बघ’ एवढेच म्हणतो. याउलट शक्कल लढवावी लागते, तेथे कर्ता स्पष्ट असतो आणि कष्टही त्याचेच असतात. शक्कल लढवणे आणि युक्ती सुचणे यांतील हा भेद बोलीभाषेने पक्का जपला आहे.

मेंदूच्या अभ्यासातही हाच भेद समोर आला. मेंदूचे अभ्यासक मार्क बीमन, जॉन कौनिओस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना तीन शब्द देऊन तिन्हींशी जुळणारा चौथा शब्द शोधायला सांगितले होते. मराठीत असे कोडे करायचे तर ‘दवा, तोफ, छाप’ हे तीन शब्द देता येतील, उत्तर ‘खाना’. प्रत्येक कोडे सुटल्यावर, उत्तर पायरीपायरीने शोधले की एकदम सुचले, हे त्या व्यक्तीने सांगायचे होते. जेव्हा उत्तर सुचले होते, तेव्हा ते कळवण्याच्या सुमारे ०.३ सेकंद आधी उजव्या कानशिलामागील मेंदूच्या भागात, दूरदूरचे अर्थ जोडणाऱ्या वळीत (मेंदूच्या पृष्ठभागावरील घडीत), जलद विद्युत्‌लहरींचा एक झोत आढळला. त्याच्या थोडे आधी मेंदूच्या मागील बाजूस, दृष्टीशी संबंधित भागात, संथ अल्फा लहरी वाढल्या होत्या. त्याचा अर्थ असा लावला गेला की बाहेरून येणारे दृश्य क्षणभर अडवले जाते. विचार करताना आपण डोळे मिटतो किंवा छताकडे पाहतो, ते आठवावे. पायरीपायरीने सोडवलेल्या कोड्यांच्या वेळी हा झोत तसा दिसला नाही. म्हणून जेथे मूळ लेखात या क्षणाचे वर्णन असेल, तेथे ‘सर्जनशीलतेचा क्षण’ असे न लिहिता ‘सुचण्याचा क्षण’ असे लिहावे.

‘काही सुचेनासे झाले’ हा वाक्प्रयोगही येथे उपयोगी पडेल. दुःखात किंवा घाबरल्यावर आपण तो वापरतो, आणि तीव्र ताणाखाली कपाळामागील मेंदूचे काम खरोखरच विस्कळीत होते.

प्रस्तावकाची शंका

आपल्या विवेचनाबद्दल मनःपूर्वक आभार. आपण उजव्या बाजूचा उल्लेख केला, म्हणून विचारतो. ‘उजवा मेंदू सर्जनशील, डावा मेंदू तर्कनिष्ठ’ असे वाक्य मी अनेक मराठी लेखांत वाचले आहे. ते अनुवादात घ्यावे का? आणि ‘प्रतिभा’ या शब्दाचे काय करावे?

प्रतिसाद

ते वाक्य कृपया घेऊ नये. दोन्ही अर्धगोलांना जोडणारा मज्जातंतूंचा जुडगा कापलेल्या रुग्णांवर रॉजर स्पेरी यांनी जे काम केले, त्याला १९८१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. त्यातून काही कामे एका बाजूला अधिक होतात हे सिद्ध झाले, माणसे उजव्या किंवा डाव्या मेंदूची असतात हे नव्हे. युटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१३ साली १,०११ जणांच्या मेंदूच्या प्रतिमा तपासल्या, तेव्हा एकाच बाजूचे जाळे (म्हणजे एकत्र काम करणाऱ्या भागांचा गट) सर्वत्र प्रबळ असलेली माणसे त्यांना आढळली नाहीत.

‘प्रतिभा’ हा शब्द मी जपून वापरीन. ‘प्रज्ञा नवनवोन्मेषशालिनी प्रतिभा मता’ ही संस्कृत काव्यशास्त्रकार भट्ट तौत यांची व्याख्या प्रसिद्ध आहे, आणि तीत एकदा चमकून गेलेल्या कल्पनेला नव्हे, तर नवे नवे उमलवत राहणाऱ्या बुद्धीला प्रतिभा म्हटले आहे. म्हणजे प्रतिभा ही व्यक्तीची शक्ती आहे, सुचणे ही घटना आहे. त्याच परंपरेतील राजशेखर यांनी कवीची ती कारयित्री आणि रसिकाची ती भावयित्री असे प्रतिभेचे दोन प्रकार केले; वाचकाच्या मेंदूतही काही घडते, हे त्यांना मान्य होते. काव्यशास्त्रकार मम्मट यांनी काव्याची शक्ती (म्हणजे प्रतिभा), निपुणता आणि अभ्यास ही तीन कारणे सांगितली, पण मूळ कारिकेत (सूत्रवजा श्लोकात) ‘हेतुः’ असे एकवचन ठेवले आणि वृत्तीत (त्यावरील स्वतःच्या स्पष्टीकरणात) ‘हेतुर्न तु हेतवः’ असा खुलासा केला: ही तीन मिळून एक कारण आहे. मेंदूतील तीन जाळ्यांविषयीचे आजचे संशोधन वाचताना मला हे एकवचन नेहमी आठवते. मन भटकत असताना जागे असणारे जाळे कल्पना पुरवते, कपाळामागील नियंत्रणाचे जाळे त्या पारखते, आणि महत्त्वाचे काय ते हेरणारे तिसरे जाळे या दोहोंमध्ये बदल घडवते. पहिली दोन जाळी एरवी आलटून पालटून चालतात. परंतु वेगळ्या कल्पना ज्यांना अधिक सुचतात, त्यांच्या मेंदूत तिन्हींचा परस्परसंबंध अधिक घट्ट असतो, असे रॉजर बीटी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली दाखवले. मम्मटांना मेंदूशास्त्र ठाऊक होते असा दावा मी करीत नाही. त्यांनी अनुभवाची नोंद अचूक शब्दांत केली, एवढेच माझे म्हणणे आहे.

आणखी एक प्रतिसाद

एक शब्द राहून गेला, तो संगीतातील ‘उपज’. बंदिश पाठ असते, उपज ही मैफलीत त्या क्षणी होते. चार्ल्स लिंब आणि अ‍ॅलन ब्राउन या संशोधकांनी २००८ साली सहा जॅझ पियानोवादकांना एमआरआय यंत्रात झोपवून, लोखंड नसलेली छोटी पेटी मांडीवर देऊन, आधी पाठ केलेली आणि मग आयत्या वेळी सुचणारी सुरावट वाजवायला सांगितली. आयत्या वेळी वाजवताना स्वतःवर देखरेख ठेवणारा कपाळामागचा बाजूचा भाग मंदावला आणि मधला भाग अधिक जागा झाला. वर ‘सृज्’ म्हणजे मोकळे सोडणे असे जे सांगितले आहे, त्याचे याहून चांगले उदाहरण मला माहीत नाही. मात्र ही मोकळीक वर्षानुवर्षे रियाज केलेल्या बोटांना मिळालेली आहे. मराठीत ‘उपजत’ म्हणजे जन्मतः असलेले, आणि ‘उपज’ म्हणजे आता जन्मलेले. आपल्या लेखात जेथे तयारीशिवाय केलेल्या वादनाचा किंवा बोलण्याचा संबंध असेल, तेथे ‘उत्स्फूर्त’ हा झिजलेला शब्द टाळून ‘उपज’ लिहावा.

प्रस्तावकाचा निर्णय आणि उरलेला प्रश्न

संपादकांशी बोलून आता असे ठरवले आहे: विषयाचे नाव ‘सर्जनशीलता’, घटनेला ‘सुचणे’, व्यक्तीच्या शक्तीला ‘प्रतिभा’, आणि रोजच्या व्यवहारातील हुशारीला ‘कल्पकता’. ग्रॅहम वॉलस या विचारवंतांनी १९२६ साली सांगितलेल्या, नवी कल्पना घडण्याच्या चार टप्प्यांपैकी दुसऱ्यासाठी, म्हणजे प्रश्न बाजूला ठेवल्यावरही तो मनात चालू राहतो त्यासाठी, कोशातला ‘उबवण’ न घेता ‘मुरणे’ घेतला आहे. अंडे उबवताना त्यावर बसून राहावे लागते. लोणचे मात्र बरणीत ठेवून आपण दुसऱ्या कामाला लागतो.

मन भटकताना जागे असणाऱ्या जाळ्यासाठी ‘विश्रांत-जाळे’ असा शब्द चालेल का?

प्रतिसाद

नको. शरीराच्या वजनाच्या सुमारे २ टक्के असलेला मेंदू शरीराची सुमारे २० टक्के ऊर्जा वापरतो, आणि आपण स्वस्थ बसलो तरी ती फारशी घटत नाही. मेंदूशास्त्रज्ञ मार्कस राइकल यांनी २००१ साली हे जाळे दाखवून दिले, ते तेथे विश्रांती नसते म्हणूनच. ‘स्वैर-जाळे’ लिहून पाहावे.