‘गॅरिसन’ला मराठीत काय म्हणावं?

विचारणा : जमैकातल्या टोळ्यांवरच्या एका लेखाचा अनुवाद करते आहे. त्यात ‘गॅरिसन मतदारसंघ’ सारखा येतो. मी ‘बालेकिल्ला’ लिहिलंय. चालेल ना? ‘पॉसी’, ‘यार्डी’ आणि ‘एरिया डॉन’ही अडलेत.

– ताई, बालेकिल्ला नको. अमुक तालुका अमक्या पक्षाचा बालेकिल्ला म्हटलं की लोक वर्षानुवर्षं त्याच चिन्हाला मत देतात, एवढंच वाचकाला कळतं. जमैकाच्या राजधानीत, किंग्स्टनमध्ये, जे घडलं ते फार वेगळं आणि भयंकर आहे. १९६०च्या दशकात पश्चिम किंग्स्टनमधली ‘बॅक-ओ-वॉल’ ही झोपडपट्टी बुलडोझर लावून पाडली आणि तिथे टिव्होली गार्डन्स ही सरकारी वसाहत बांधली. जमैका लेबर पार्टीचे एडवर्ड सिआगा तेव्हा मंत्री होते आणि तिथले खासदारही तेच. घरं मिळाली ती मुख्यतः पक्षाच्या माणसांना. १९७२ साली मायकेल मॅन्लींची पीपल्स नॅशनल पार्टी सत्तेवर आली. तिनेही अर्नेट गार्डन्समध्ये हाच कित्ता गिरवला. घर, रोजगार, कंत्राट सगळं पक्षाच्या हातून. बदल्यात मत द्यायचं, आणि विरोधी पक्षाच्या माणसाला वस्तीत पाय ठेवू द्यायचा नाही. पोरांच्या हाती बंदुका आल्या त्या यासाठी. १९८०च्या निवडणुकीच्या वर्षी सुमारे ८०० माणसं मारली गेली. कार्ल स्टोन या जमैकन अभ्यासकाने अशा मतदारसंघांना ‘गॅरिसन’, म्हणजे ठाणं राखणारी फौज, म्हटलं, ते उगाच नाही.

आपल्याकडे याला नेमका शब्द आहे : शिबंदी. गड राखण्यासाठी पोसलेली हत्यारबंद माणसं. ‘शिबंदीचा मतदारसंघ’ लिहा.

– शिबंदी मलाही पटतं, पण १९८०नंतरच्या काळाला ते पुरत नाही. शिबंदी धन्याच्या पगारावर जगते. इथे टोळ्या न्यूयॉर्क, मायामीला पोचल्या, कोकेनच्या धंद्यात शिरल्या आणि पैशाला पक्षाच्या मिंध्या राहिल्या नाहीत. टिव्होलीच्या ‘शॉवर पॉसी’ या टोळीचंच बघा. अमेरिकेने २००९ साली तिचा म्होरक्या क्रिस्टोफर ‘डुडस’ कोकचा ताबा मागितला. जमैकाचे तेव्हाचे पंतप्रधान ब्रूस गोल्डिंग स्वतः त्याच मतदारसंघाचे खासदार; सरकारने कित्येक महिने टाळाटाळ केली. शेवटी मे २०१० मध्ये टिव्होलीत लष्कर घुसलं, सत्तरच्या आसपास माणसं मेली. डुडस तेव्हा निसटला, महिन्याभराने सापडला. २०१२ मध्ये त्याला न्यूयॉर्कच्या कोर्टाने २३ वर्षांची शिक्षा दिली. मेलेल्यांच्या घरच्यांना काय मिळालं, हे विचारणारे फार थोडे होते.

– मुद्दा रास्त आहे. म्हणूनच ‘शिबंदी’ फक्त मतदारसंघासाठी राखा. टोळीला मूळ नावानेच ‘पॉसी’ म्हणा. वेस्टर्न सिनेमात शेरीफ दरोडेखोरांच्या मागावर गावकऱ्यांचं जे पथक धाडतो, ती पॉसी. किंग्स्टनच्या पोरांनी पडद्यावरून ते नाव उचललं. ‘टोळी’ लिहिलं की हे सगळं पुसलं जातं.

‘यार्डी’ला मात्र जपा. जमैकन बोलीत ‘यार्ड’ म्हणजे घर, अंगण. परदेशी गेलेल्यांसाठी अख्खा जमैकाच यार्ड. म्हणजे यार्डी हा आपला ‘गाववाला’. ब्रिटनमध्ये वृत्तपत्रांनी आणि पोलिसांनी तो शब्द गुंडांना चिकटवला आणि कष्ट करून जगणाऱ्या हजारो जमैकनांवर डाग बसला. बातमीतला गुंड असेल तिथे ‘यार्डी टोळीवाला’ असं पूर्ण लिहा, नुसतं ‘यार्डी’ नको.

– आणि ‘एरिया डॉन’ला ‘दादा’ करू का?

– करा की. मुंबईच्या बातम्यांमुळे ‘डॉन’ म्हटलं की आपल्याला अख्ख्या शहराचा, दुबईत बसलेला माणूस आठवतो. किंग्स्टनचा एरिया डॉन वस्तीतच राहतो. पोरांच्या शाळेची फी भरतो, चोराला स्वतः सजा देतो, दुकानदाराकडून हप्ता घेतो. ‘वस्तीचा दादा’ त्याला चपखल बसेल.