दहा डॉलरचे नव्वद: याला ढोंग म्हणायचं?

जॅक्सनहाइट्सकर:
परवा इथे हिशेबनीस यांनी लिहिलं, 'न्यूयॉर्कच्या महापौरपदासाठी छोट्या देणग्या हे ढोंग आहे. माणूस दहा देतो, शहर ऐंशी घालतं. वर्गणी कसली, करदात्यांचाच पैसा.' दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही.

२०२५च्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, मी महापौरपदाचे डेमोक्रॅटिक उमेदवार झोहरान ममदानींसाठी दारोदार फिरलो. एका इमारतीत लिफ्ट बंद, सहावा मजला. दार उघडलं एका आजींनी. देणगीचं कार्ड भरायला बसल्या तर चष्मा सापडेना. मी मोबाइलचा टॉर्च धरला, त्यांनी नाव-पत्ता स्वतः लिहिला, सही केली आणि घडी घातलेली दहाची नोट दिली. देणगीच्या एका डॉलरला शहराचे आठ मिळतात म्हणूनच त्या दारापर्यंत कोणीतरी पोचतं. नाहीतर उमेदवार बिल्डरला एक फोन करून मोकळा!

आणि शहराचे हे पैसे, म्हणजे जुळणीचा निधी, काही आपोआप मिळत नाहीत. आधी शहरातल्या किमान १,००० रहिवाशांच्या देणग्या लागतात, जुळणीला धरली जाणारी रक्कम अडीच लाख डॉलर लागते. आठपटही फक्त पहिल्या २५० डॉलरवर. वर खर्चाला मर्यादा. मार्चमध्ये ममदानींनी 'आता पैसे पाठवू नका' सांगितलं ते त्याच मर्यादेमुळे. असं सांगणारा दुसरा उमेदवार दाखवा.

हिशेबनीस:
आजींबद्दल आदर आहे, पण आजी म्हणजे पुरावा नव्हे. २०२१ला अ‍ॅडम्सना (त्याच वर्षी ते महापौर म्हणून निवडून आले) याच योजनेतून सुमारे एक कोटी डॉलर मिळाले. पुढे त्यांच्यावरच्या आरोपपत्रात काय होतं? भलत्याच्या पैशाची देणगी दुसऱ्याच्या नावावर. खटला रद्द झाला, मान्य. पण २०२४च्या डिसेंबरात ही योजना चालवणाऱ्या कॅम्पेन फायनान्स बोर्डाने त्यांना जुळणीचा निधी नाकारलाच ना? आठपट मिळणार म्हटल्यावर चोरीही आठपट फायद्याची.

आणि मर्यादेचं कौतुक पुरे. २०२५च्या प्रायमरीत उमेदवाराला सुमारे ८० लाख डॉलरची मर्यादा आणि ममदानींचे प्रतिस्पर्धी, माजी गव्हर्नर कुओमो यांच्या बाजूच्या सुपर पॅकला (उमेदवारापासून वेगळा राहून खर्च करणाऱ्या गटाला) एकट्या माजी महापौर ब्लूमबर्गनी ५० लाख डॉलरहून जास्त दिले. सुपर पॅकला कसलीच मर्यादा नाही.

जॅक्सनहाइट्सकर:
एवढा पैसा ओतूनही कुओमो हरले. तुमचंच उदाहरण माझ्या बाजूने आहे!

व्हिसावाला:
तुम्ही दोघं भांडा. मी नऊ वर्षं या शहराचा आयकर भरतोय. ग्रीनकार्ड नाही म्हणून मी दहा डॉलर दिले तर बेकायदा. माझ्या करातून दुसऱ्याच्या दहाचे नव्वद होतात, माझे दहा मात्र कोणाला चालत नाहीत.

जॅक्सनहाइट्सकर:
तो नियम देशाचा आहे, शहराचा नाही. विनामोबदला प्रचार तुम्हीही करू शकता.

व्हिसावाला:
म्हणजे भांडी घासायला चालतो, पंक्तीला बसायला नाही?

हिशेबनीस:
ग्रीनकार्डच्या रांगेत आम्हीही उभे होतो, एवढा कांगावा केला नाही. परदेशी पैसा निवडणुकीत नको, हा नियम योग्यच आहे.

व्हिसावाला:
परदेशी पैसा? माझा पगार मॅनहॅटनचा, भाडं ब्रुकलिनचं, मुलगी इथल्या सरकारी शाळेत. २०२१ला शहराने ग्रीनकार्ड आणि वर्क परमिटवाल्यांना स्थानिक मतदानाचा हक्क देणारा कायदा केला, तो २०२५च्या मार्चमध्ये राज्याच्या सर्वोच्च कोर्टाने रद्द केला. त्या दिवशी मी ऑफिसच्या जिन्यात बसून निकाल वाचला. कांगावा म्हणताना जरा विचार करा.

ब्रुकलिनची मावशी:
हिशेबनीस, शब्द जपून वापरा. माझा जावई याच फेऱ्यात अडकलाय. आणि जॅक्सनहाइट्सकर, 'नियम देशाचा आहे' म्हणून हात झटकू नका. दारोदार फिरताना अशी किती दारं तुम्हाला सोडावी लागली?

जॅक्सनहाइट्सकर:
बरीच. एका मजल्यावर तर चारपैकी तीन. देणगी घेता येत नाही म्हणून मी तिथे बोलायलाही थांबलो नाही. ते चुकलंच.

हिशेबनीस:
व्हिसावाला, 'कांगावा' मागे घेतो. आजींच्या दहा डॉलरला ढोंग म्हणालो, तेही मागे. पण सुपर पॅक मोकळे आहेत तोवर या योजनेवरचा माझा आक्षेप कायम आहे.