'सेरिफ'ला मराठीत काय म्हणावं?

भाषांतरकार: बोडोनी या टंकावरच्या (फॉन्टवरच्या) लेखाचं भाषांतर करतोय. त्याला मुळात 'एलेगंट सेरिफ' म्हटलंय. सेरिफ म्हणजे अक्षराच्या रेघेच्या टोकाशी असणारी छोटी रेघ, आणि तशा रेघा असलेला टंकही. मी 'डौलदार सेरिफ' केलं, संपादकांनी 'नाजूक पायांचा टंक' केलं. मला पटत नाही. काय लिहू?

जुळारी: 'पाय' साफ चूक. रोमन 'टी'च्या आडव्या दांडीच्या दोन्ही टोकांना सेरिफ असतो. तिथे कसले पाय? 'टोकरेघ' म्हणा. आम्ही छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचो तेव्हा यासाठी वेगळा शब्दच नव्हता. टंक नावानेच मागायचो.

संस्कृतप्रेमी: 'शिरोरेषा' तयार असताना नवा शब्द कशाला?

जुळारी: शिरोरेषा कुठे तुटते यावर 'म' की 'भ', 'घ' की 'ध' ठरतं. सेरिफ काढला तरी 'टी' 'टी'च राहतो. दोन्हींचं काम वेगळं आहे.

संस्कृतप्रेमी: मग 'टंक'कडेच बघा ना. संस्कृतात टंक म्हणजे छिन्नी, आपली टाकी. रोमनांनी दगडात अक्षरं कोरताना रेघेचं टोक टाकीने नीट केलं, तोच सेरिफ. म्हणून 'टाकीटोक'!

लिपी-अभ्यासक: टाकीची उपपत्ती सर्वमान्य नाही. सुलेखनकार एडवर्ड कॅटिच यांनी १९६८ साली मांडलं की अक्षरं आधी चपट्या कुंचल्याने रंगवत आणि मग कोरत. सेरिफ कुंचल्याच्या वळणातून आला. आणि 'सेरिफ' हा शब्द डच 'स्ख्रेफ' म्हणजे रेघ यावरून आला असावा, असा एक तर्क आहे. त्या हिशेबाने 'टोकरेघ' जवळचा.

भाषांतरकार: पण 'एलेगंट'चं काय?

लिपी-अभ्यासक: बोडोनीत जाड आणि बारीक रेघांत प्रचंड फरक असतो, सेरिफ केसाएवढे आणि सरळ काटकोनात. मोठ्या शीर्षकात तो राजेशाही दिसतो. लहान आकारात, खरखरीत कागदावर त्या रेघा तुटतात. गॅरामाँड या दुसऱ्या टंकाचे सेरिफ दांडीत हळूच मिसळतात, म्हणून तो पुस्तकभर वाचला तरी डोळे शिणत नाहीत. 'डौलदार' दोघांनाही लागू पडेल, 'नाजूक' फक्त बोडोनीला. त्यामुळे संपादकांचं 'नाजूक' ठेवा, 'पाय' काढा.

जुळारी: नाजूक म्हणजे दुबळा असं वाचलं जाईल. बोडोनीच्या जाड दांड्या पाहिल्यात का? 'डौलदार'च हवं.

वाचक: रोज फॉन्ट निवडणारी माणसं सरळ 'सेरिफ' म्हणतात. 'टोकरेघ' लिहिलंत तर मला तळटीप लागेल.

संस्कृतप्रेमी: छापत राहिलो तरच शब्द रुळतो. आणि 'फॉन्ट' नको, 'टंक' म्हणा.

वाचक: बरं, पण वर सगळे 'तो सेरिफ' म्हणताहेत. मी कायम 'ती सेरिफ' ऐकलंय, रेघ म्हणून.

जुळारी: 'तो'च! टाइप तो, खिळा तो, मग सेरिफ ती कशी?