लिफ्टमुळे कॉम्प्युटर बंद पडतो का?

४०२ काका: सेक्रेटरीसाहेब, नमस्कार. काल रात्री परत तेच. लिफ्ट वर आली आणि आमचा कॉम्प्युटर धाडकन बंद. आठवड्यातली ही चौथी वेळ. तक्रार नोंदवून घ्यावी ही विनंती.

१०१ सेक्रेटरी: नमस्कार. लिफ्टचं मीटर वेगळं, वायर वेगळी. हे आपल्याला मागच्या वेळी प्रत्यक्ष दाखवलं होतं. तेव्हा इस्त्रीचा विषय होता.

४०२ काका: इस्त्री आपण काढलीत, मी नाही.

३०३ काकू: माझं ड्रिल मशीन कोणाकडे आहे? तिसऱ्यांदा विचारतेय.

१०४ आजोबा: रॅम, म्हणजे मेमरीची पट्टी, काढून खोडरबराने पुसा. सोनेरी दात चकचकीत झाले पाहिजेत. आमच्या ऑफिसात अशी कितीतरी मशिनं जिवंत केली.

५०१ दादा: काका, बंद पडतो म्हणजे नक्की कसं? निळा स्क्रीन येतो का सरळ अंधार?

४०२ काका: सरळ अंधार. पंखेही थांबतात. लगेच बटण दाबलं तर दोन मिनिटं चालून परत बंद. दहा-पंधरा मिनिटांनी दाबलं तर व्यवस्थित.

५०१ दादा: ही मोठी खूण आहे. थंड व्हायला तेवढा वेळ लागतो त्याला. नुसती मेल बघताना कधी झालंय?

४०२ काका: नाही. चिरंजीव गेम खेळत असतानाच.

४०२ चिरंजीव: गेम नाही बाबा, प्रोजेक्टचं रेंडरिंग.

४०१ मॅडम: आमची भिंत कॉमन आहे. तुझं रेंडरिंग गोळीबार करतं आणि "मागे बघ, मागे बघ" ओरडतं 😄

४०२ चिरंजीव: हा मेसेज डिलीट केला आहे

१०१ सेक्रेटरी: म्हणजे गेम चालू असताना बंद पडतो. लिफ्ट चालू असताना नाही. नोंद घ्यावी.

४०२ काका: रात्री दहाला लोक घरी येतात, लिफ्ट चालूच असते. दोन्ही एकाच वेळी होतं हेच तर म्हणतोय.

१०४ आजोबा: रॅम पुसली का?

४०२ चिरंजीव: आजोबा, रॅम सैल असली तर मशीन चालूच होत नाही, बीप देतं. आमचं चालू होतं आणि मग मरतं. मुळात ते म्हातारं झालंय. प्रोसेसर आय-फाइव्ह ३४७०, २०१२ चा. मी बालवाडीत होतो तेव्हाचा. कधीचं सांगतोय, नवीन बांधू या.

४०२ काका: म्हातारं झालं की टाकून द्यायचं, असंच ना? लक्षात ठेवतो.

१०४ आजोबा: या ग्रुपवर म्हातारपणाचा विषय नको.

२०२ नवीन भाडेकरू: नमस्कार सगळ्यांना. मध्ये बोलतोय, माफ करा. चालू केल्यावर तारीख-वेळ चुकीची दिसते का?

४०२ काका: हो! दर वेळी २०१२ चा जानेवारी. तुम्हाला कसं कळलं?

२०२ नवीन भाडेकरू: मदरबोर्डावरचा नाण्यासारखा सेल संपलाय. सीआर २०३२ लिहिलेलं असतं, तीन व्होल्टचा. तो बदला. पण बंद पडण्याशी त्याचा संबंध नाही, ते दुखणं वेगळं.

४०२ काका: विंडोजच्या नोंदी असतात तो इव्हेंट व्ह्यूअर उघडून बघितला. लाल खुणेसमोर स्पष्ट लिहिलंय, "कर्नल-पॉवर ४१". पॉवर! आता सेक्रेटरींनी उत्तर द्यावं.

१०१ सेक्रेटरी: कर्नलसाहेब कोण? आपल्या बिल्डिंगमध्ये कोणी नाहीत.

५०१ दादा: 😂 काका, ४१ चा अर्थ एवढाच की मागच्या वेळी मशीन रीतसर शटडाउन न होता बंद झालं. का झालं ते त्यात नसतं. प्लग ओढला तरी ४१, तापून बंद पडलं तरी ४१.

४०२ काका: पण शब्द पॉवरच आहे ना?

५०१ दादा: आहे. आता एक करा. एसएमपीएसचं, म्हणजे कॅबिनेटमधल्या पॉवरच्या डब्याचं, स्टिकर वाचा. इनपुट १०० ते २४० लिहिलं असेल तर लिफ्टने दहा-वीस व्होल्ट हलले तरी त्याला फरक पडत नाही. आणि मागे लाल सरकबटण दिसलं तर हात लावू नका. ११५ वर सरकलं की फटाका.

४०२ काका: लाल बटण नाही. १००-२४० आहे.

१०१ सेक्रेटरी: 🙏

४०२ काका: हात जोडायची गरज नाही. अजून काही सिद्ध झालेलं नाही.

५०१ दादा: बंद पडायच्या आधी गेम अडखळतो का रे?

४०२ चिरंजीव: हो, पाच मिनिटं आधीपासून. चित्र तुकड्यातुकड्यांत चालतं आणि पंखा विमानासारखा ओरडतो.

५०१ दादा: झालं मग. प्रोसेसर तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो, तरी भागलं नाही तर जीव वाचवायला बंद होतो. चालू करताना डिलीट दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधीच्या सेटिंगमध्ये, जा, तापमान बघ.

४०२ चिरंजीव: ८९ डिग्री. काहीच चालू नसताना.

५०१ दादा: बाप रे. रविवारी येतो. तोवर चालू करू नका.

३०३ काकू: रविवारी येताना ड्रिलचं बघा कोणाकडे आहे ते.

(रविवार)

५०१ दादा: हा फोटो बघा सगळ्यांनी. पंखा काढल्यावर खाली हीटसिंकच्या, म्हणजे प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या, पत्र्यांवर हे दिसलं. धूळ नाही म्हणता येणार याला, अख्खी नमद्याची घडी आहे. चिमटीत धरून एका तुकड्यात निघाली, पत्र्यांच्या रेघा उमटल्यात तिच्यावर. आणि खरा गुन्हेगार दुसऱ्या फोटोत. कूलरच्या चार खुंट्यांपैकी डावीकडची वरची बोर्डात बसलेलीच नाही. त्या कोपऱ्यात कूलर उचललेला, प्रोसेसर आणि कूलरच्या मधली पेस्ट वाळून खडूसारखी. प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता तो.

२०२ नवीन भाडेकरू: त्या खुंट्या आपोआप सुटत नाहीत सहसा. कोणी तरी कूलर काढून परत लावला असेल. बाणाच्या दिशेने फिरवून ठेवली की खुंटी मोकळी होते, लोक उलटं समजतात.

४०२ काका: मे महिन्यात "साफ करतो" म्हणून कोणी उघडलं होतं?

४०२ चिरंजीव: बाबा, यूट्यूब बघून केलं होतं.

४०२ काका: आणि तेव्हापासूनच बंद पडतोय. आणि तेव्हापासूनच "नवीन घेऊ या".

४०१ मॅडम: 👀

४०२ चिरंजीव: मुद्दाम नाही केलं!!

५०१ दादा: मुद्दाम इतकं छान जमत नाही काका, सोडा. जुनी पेस्ट पुसून नवीन लावली, शर्टाच्या बटणापेक्षा लहान ठिपका. चारही खुंट्या "टक" वाजेपर्यंत दाबल्या. सेलही बदलला. आणि पुढच्या वेळी हवा मारताना पंखा बोटाने धर, नाहीतर गरगर फिरून बेअरिंग जातं.

५०१ दादा: निकाल: दोन तास गेम, ६४ च्या वर गेला नाही.

१०१ सेक्रेटरी: अभिनंदन. आता एक विनंती. दुपारी चार ते सहा कोणीतरी रिकामी लिफ्ट सारखी वर-खाली करत होतं. कृपया असं करू नये.

४०२ काका: चाचणी शास्त्रीय पद्धतीने व्हायला हवी होती.

१०१ सेक्रेटरी: निष्कर्षही लेखी द्यावा.

४०२ काका: 👍

१०४ आजोबा: शेवटी रॅम पुसली का नाही?

५०१ दादा: पुसली आजोबा 🙏

४०२ चिरंजीव: मशीन चाललं, मान्य. पण विंडोज टेनचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. इलेव्हनला सुरक्षेचं टीपीएम २.० लागतं आणि इंटेल प्रोसेसरची आठवी पिढी तरी. हा तिसऱ्या पिढीचा. बाबा यावर बँकेचं काम करतात, ते चालेल?

४०२ काका: बँकेचं मध्ये आणू नकोस. काय घ्यायचंय ते इथेच सांग, सगळ्यांसमोर.

४०२ चिरंजीव: रायझन ५ ७६०० प्रोसेसर, बी ६५० बोर्ड, डीडीआर५ रॅम १६ च्या दोन म्हणजे ३२ जीबी, एक टीबी एनव्हीएमई डिस्क, ग्राफिक्स कार्ड आरटीएक्स ५०६० टीआय १६ जीबीवालं.

२०२ नवीन भाडेकरू: प्रोसेसर मोठा घे, आठ कोअरचा तरी. नंतर पस्तावशील.

५०१ दादा: गेमसाठी आधी कार्ड, मग बाकी. सहा कोअर पुरतात. बोर्डावर प्रोसेसरसाठी एएम५ सॉकेट आहे, दोन-तीन वर्षांनी प्रोसेसर तेवढा बदलता येईल.

२०२ नवीन भाडेकरू: मी फक्त अनुभवातून बोललो.

५०१ दादा: मीही.

१०१ सेक्रेटरी: कृपया वैयक्तिक होऊ नये.

५०१ दादा: मुख्य प्रश्न कोणी विचारलाच नाही. मॉनिटर कुठला?

४०२ चिरंजीव: जुनाच. १०८०पी, ६० हर्ट्झ.

५०१ दादा: मग कार्डाने दीडशे फ्रेम काढल्या तरी तुला सेकंदाला साठच दिसणार. आधी मॉनिटर ठरव, १४४ तरी. आणि घेतल्यावर विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन १४४ कर, लोक वर्षभर ६० वरच खेळतात. मॉनिटरची केबल कार्डात लाव, बोर्डात नाही.

४०२ काका: माझी एकच अट. कॅबिनेट, एसएमपीएस, यूपीएस, रॅम जुनंच वापरायचं. चांगल्या स्थितीत आहे.

५०१ दादा: कॅबिनेट ठेवा, कार्डाची लांबी मोजून. रॅम डीडीआर३ आहे, तिची खाचच वेगळ्या जागी, नव्या स्लॉटमध्ये जाणार नाही.

१०४ आजोबा: पुसली तरी?

५०१ दादा: पुसली तरी आजोबा. एसएमपीएस मात्र नवाच. नुसतं कार्डच १८० वॉटचं आहे. ६५० वॉटचा, गोल्ड रेटिंगवाला घ्या. यूपीएस ६०० व्हीएचा, त्यावर ३६० वॉट छापलंय. मॉनिटर धरून गेमच्या भारात तो त्याच्या कडेलाच, त्यात बॅटरी जुनी. लाइट गेली की तो टूं करून बसेल आणि काका परत लिफ्टकडे बघतील.

४०१ मॅडम: 😂😂

४०२ काका: थोडक्यात, जुनं काहीच नको. विचार करून सांगतो. तोवर आहे तो चालवा, आता ६४ वर आहे.

४०२ चिरंजीव: बाबा, विचार म्हणजे किती दिवस?

३०३ काकू: एक मिनिट. रविवारच्या पहिल्या फोटोत कॅबिनेटच्या मागे निळी पेटी दिसतेय. झूम करून बघितली. त्यावर माझ्या अक्षरात "३०३" लिहिलंय.

४०१ मॅडम: 👀👀

४०२ काका: वहिनी, खरंच लक्षातून गेलं. आजच आणून देतो. फक्त सहाचं बिट सापडत नाहीये.

१०४ आजोबा: सहाचं माझ्याकडे आहे.