रोज जवळ बाळगायला छोटं पिस्तूल: किती छोटं पुरे?

अबोली_४६

नमस्कार मंडळी. परवाना हातात आलाय, सुरुवातीचं प्रशिक्षण झालंय आणि 'तुला कशाला हवं हे' या विषयावर घरात भरपूर चर्चा होऊन गेलीय. तेव्हा तो मुद्दा सोडून बाकी काहीही बोला.

प्रशिक्षणात ग्लॉक १९ हे मध्यम आकाराचं पिस्तूल वापरलं. चालवायला छान, पण कमरेला लावून आरशात बघितलं तर शर्टाखाली बत्ता खोचल्यासारखं दिसत होतं. माझी उंची बेताची, हात लहान, दिवसाचे सात-आठ तास खुर्चीवर. शिवाय दोन्ही अंगठ्यांच्या बुडाशी संधिवात, डाव्यात जास्त. गोळी भरायला पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, म्हणजे स्लाइड, मागे ओढताना तिथून कळ जाते.

तीन नावांवर आलेय: रुगर एलसीपी, सिग पी३६५ आणि स्मिथ अँड वेसनचं ६४२ रिव्हॉल्वर. क्लबातले एक गृहस्थ छातीठोकपणे सांगतात, "रिव्हॉल्वर घ्या, बायकांना तेच बरं, ओढाताण नाही." माझा जीव मात्र एलसीपीवर आलाय, कारण ते खिशात मावतं. कुणी यातलं काही रोज बाळगलंय का? माहितीपत्रकं मीही वाचलीत, अनुभव हवाय.

टणत्कार

ग्लॉक १९. ढगळ शर्ट घ्या. विषय संपला.

अबोली_४६

शर्ट ढगळच आहे हो. त्यात मीही असते ना.

घोडामैदान

ताई, तुम्ही जी चूक करायला निघालाय ती मी करून बसलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

काही वर्षांपूर्वी मी असाच एलसीपीच्या प्रेमात पडलो. रिकामं असताना पावणेतीनशे ग्रॅम. खिशात टाकलं की विसरायला होतं. पहिल्या दिवशी रेंजवर ५० गोळ्या झाडायचं ठरवलं होतं, तिसाला थांबलो. मुठीवर माझी दोनच बोटं मावत होती, करंगळी हवेत. त्यामुळे प्रत्येक गोळीला पिस्तूल हातात फिरायचं आणि पकड नव्याने बसवावी लागायची. नेम धरायची पुढची माशी इतकी बारकी की चष्मा असून शोधावी लागे. सात मीटरवर जेवणाच्या ताटाएवढ्या वर्तुळात सगळ्या गोळ्या काही बसेनात, आणि त्याच दुपारी मित्राच्या ग्लॉक १९ने मी त्या डोळे झाकून घालत होतो. (डोळे झाकून ही म्हणायची पद्धत. रेंजवर असलं काही करू नका.)

पुढे काय झालं ते महत्त्वाचं. मी सराव टाळायला लागलो. आज हात दुखतोय, उद्या बघू. सहा महिन्यांनी लक्षात आलं की जे पिस्तूल मी रोज खिशात घेऊन फिरतोय, ते मला धड चालवता येत नाही.

यामागे गणित आहे. काडतूस तेच ठेवून पिस्तुलाचं वजन निम्मं केलं, तर धक्क्याची ऊर्जा दुप्पट होते. एलसीपीचं .३८० एसीपी हे ९ मिमी या नेहमीच्या काडतुसापेक्षा सौम्य आहे, पण एलसीपी इतकं हलकं की तो सौम्यपणा हातापर्यंत पोचतच नाही.

६४२ची गत तीच. चारशे ग्रॅमच्या थोडं वर वजन, .३८ स्पेशलच्या पाच गोळ्या. स्लाइड नाही हे खरं. पण ट्रिगर प्रत्येक वेळी पाचेक किलोच्या जोराने लांबवर ओढायचा. ग्लॉकला अडीच किलोच्या आसपास पुरतात. आणि धक्का येतो तो थेट तळव्यात, अंगठ्याच्या बुडाशी. म्हणजे तुमचं नेमकं जिथे दुखतं तिथे. त्या गृहस्थांना सलग ५० गोळ्या झाडायला लावा आणि मग विचारा, कुणाला बरं. मला स्वतःला ती छोटी रिव्हॉल्वरं आवडतात, पण ते मुरलेल्या हाताचं काम आहे.

आता लपवण्याचं. आपण पिस्तुलाची लांबी बघतो, पण नळी पँटच्या आत जाते, ती कुणाला दिसत नाही. दिसते ती मूठ. वाकलं की शर्टाला मागून कोपरा काढते ती मूठच. त्यामुळे नळी चार बोटं लांब असली तरी चालेल, मुठीची लांबी आणि जाडी मात्र बघून घ्या. पी३६५ २०१८मध्ये आलं तेव्हा एवढा गवगवा झाला तो याचसाठी. तोवर एवढ्या आकारात ९ मिमीच्या सहा ते आठ गोळ्या मावत. सिगने मॅगझिनमध्ये (मुठीत बसणारी गोळ्यांची पेटी) त्या नागमोडी रचून दहा बसवल्या आणि जाडी साधारण इंचभरच राखली. तुमच्या तिघांत ते उजवं. फक्त एक अडचण: छोट्या ९ मिमी पिस्तुलात स्लाइड हलकी असते, तिला आवरायला स्प्रिंग कडक लागते. तुमच्या अंगठ्याला ते रुचेल का, हे तुम्हीच हातात घेऊन ठरवायचं.

आणि पट्टा! निम्म्या लोकांची तक्रार पिस्तुलाची नसतेच, पट्ट्याची असते. मऊ पट्ट्यावर अर्धा किलो लोखंड टांगलं की मूठ बाहेरच्या बाजूला कलंडते आणि मग ते बत्त्यासारखं दिसतं. तुमच्या ग्लॉकचं तेच झालं असणार. ताठ पट्टा आणि ट्रिगर पूर्ण झाकणारं कडक होल्स्टर (पिस्तुलाचं म्यान) लावून एकदा पुन्हा आरशासमोर उभ्या राहा.

सायली_के

अबोलीताई, मलाही अंगठ्याचंच दुखणं आहे, म्हणून लिहितेय.

तुम्ही स्लाइड अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून ओढता का? मला तसंच शिकवलं होतं. ते सोडा. डावा पंजा वरून स्लाइडच्या मागच्या भागावर ठेवा, चारही बोटं खाचांवर आणि तळवा दुसऱ्या बाजूला, डबा उघडताना झाकण धरतो तसं. पिस्तूल छातीजवळ, कोपर अंगाशी. मग डाव्या हाताने ओढू नका, उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. जोर खांद्यातून येतो, अंगठ्याला काम उरत नाही. लक्ष ठेवायचं ते एवढंच की या झटापटीत नळी समोरच राहिली पाहिजे. नवशिक्यांची ती हमखास डावीकडे वळते आणि शेजारचा माणूस पांढराफटक पडतो. बोटही ट्रिगरपासून लांब.

दुसरं म्हणजे मॅगझिन भरणं. स्लाइडपेक्षा माझे अंगठे तिथे जास्त मोडत. शेवटच्या दोन गोळ्या आत दाबताना डोळ्यात पाणी यायचं. प्लॅस्टिकचा मॅगझिन लोडर मिळतो, तो घ्या.

आणि एक चौथं नाव यादीत टाका: स्मिथ अँड वेसनचंच शील्ड ईझेड, .३८०वालं. २०१८मध्ये आलं. स्लाइड हलक्या हाताने ओढता यावी म्हणूनच बनवलंय. आत घोडा (गोळी उडवायला आपटणारा भाग) आहे, त्यामुळे स्प्रिंग कमी कडक ठेवता आली. मॅगझिनला बाजूला बोंडं आहेत, ती खाली धरून गोळ्या टाकायच्या. रिकामं सव्वापाचशे ग्रॅमच्या आसपास, त्यामुळे .३८० त्यात खरोखर सौम्य वाटतं. उणी बाजू: मुठीच्या मागे दाबपट्टी आहे, ती नीट दाबली गेली नाही तर पिस्तूल चालतच नाही. पकड ढिली असेल तर हे नक्की तपासा.

टणत्कार

पण ईझेडमध्ये आठच गोळ्या, शिवाय पी३६५पेक्षा दोनेक सेंटिमीटर लांब. आणि .३८० ते .३८०. आखूड नळीतून पोकळ टोकाची गोळी (लागल्यावर फुलावी म्हणून बनवलेली) कधी उमलतच नाही, कधी लवकर उमलून उथळ थांबते. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेच्या चाचणीत गोळी जिलेटिनच्या ठोकळ्यात किमान १२ इंच शिरावी लागते, तिथे बरीच .३८० काडतुसं अडखळतात. ९ मिमी घ्यावं असं माझं स्पष्ट मत.

घोडामैदान

टणत्कारराव, काडतुसाचं बरोबर बोललात, नाकारत नाही. .३८० आणि ९ मिमी हातात सारखीच चालत असतील तर ९ मिमी घ्यावं, प्रश्नच नाही. पण सारखीच चालतात का, हे त्यांच्या हातांना विचारू. ताई, रेंजवर भाड्याने मिळत असतील तर सगळी घ्या. प्रत्येकातून २५ गोळ्या, सात मीटर, ताटाएवढं वर्तुळ. पहिल्या पाच मोजू नका. आकडे इथे टाका.

अबोली_४६

काल जाऊन आले. आकडे असे, प्रत्येकी २० पैकी वर्तुळात:

एलसीपी ९. ६४२ ८, आणि पंधराव्या गोळीनंतर ट्रिगर ओढताना हात थरथरायला लागला. पी३६५ १५. ईझेड १८.

एलसीपीने अंगठा आणि तर्जनीमधल्या बेचक्यात लाल वळ उठवला, तो अजून आहे. त्याच्यावरचा जीव उडाला. पी३६५ आवडलं, खोटं कशाला बोलू. पण सायलीने सांगितलेल्या पद्धतीनेसुद्धा दहा वेळा स्लाइड ओढल्यावर मनगटापर्यंत ठणका गेला. ईझेडची मी बोलता बोलता ओढत होते. दाबपट्टी वीसपैकी एकदाही अडली नाही.

ईझेड घेतेय. टणत्कारदादा, तुमच्या दोन जास्तीच्या गोळ्यांना मुकले, माफ करा.

आता एक प्रश्न, जो विचारायला लाज वाटतेय: चेंबरमध्ये (नळीच्या बुडाशी) गोळी ठेवून कमरेला लावायची माझी हिंमत होत नाही. बाकीचे ठेवतात म्हणे.

घोडामैदान

लाज कसली, मला महिनाभर झोप नव्हती.

पहिले काही आठवडे घरातल्या घरात रिकामं पिस्तूल, रिकामं मॅगझिन, फक्त होल्स्टरमध्ये. खुर्चीवर बसा, उठा, वाकून बुटाची नाडी बांधा, गाडीत बसून सीटबेल्ट लावा. रोज रात्री काढून बघा ट्रिगर आपोआप मागे गेलेला नाही ना. जाणारच नाही, पण तुमच्या डोळ्यांना ते दिसू दे. भीती जाते ती अशी बघून जाते, कुणी सांगून नाही.

धोका कमरेला असताना फार नसतो, पिस्तूल होल्स्टरमध्ये परत ठेवताना असतो. शर्टाचं टोक किंवा जाकिटाची दोरी होल्स्टरच्या तोंडात अडकते, ट्रिगरपाशी जाते, आणि आपण जोर लावतो. माझ्या ओळखीच्या एकाने अशीच स्वतःच्या मांडीत गोळी घालून घेतलीय. ठेवताना घाई कधीच नाही. शर्ट दुसऱ्या हाताने वर धरा, मान खाली घालून होल्स्टरचं तोंड बघा, मग सावकाश. अडल्यासारखं वाटलं की थांबा, बाहेर काढा, बघा. त्याहून बरं म्हणजे सकाळी होल्स्टरसकट लावायचं आणि रात्री होल्स्टरसकट काढून कुलपाच्या पेटीत ठेवायचं. मध्ये हात लावायचं कारण नाही.

रोज तेच काडतूस चेंबरमध्ये आत-बाहेर करू नका. आपटून आपटून त्याच्या टोकाची गोळी आत मागे सरकते आणि मग झाडताना दाब वाढतो. नव्या काडतुसाशेजारी उभं करून बघा, बुटकं दिसलं तर बाजूला काढा.

अबोली_४६

चार दिवस रिकामं लावून फिरतेय. आरशात काही दिसत नाही, नवऱ्यालाही ओळखता आलं नाही, मीच सांगितलं. फक्त नाडी बांधायला वाकलं की मूठ बरगडीत टोचते.

सायली_के

होल्स्टर पट्ट्यावर अंगठाभर मागे सरकवा आणि पाय स्टुलावर ठेवून नाडी बांधा. मी तर आता बिननाडीचेच बूट घालते.